घनसाळमधला ‘एच’

आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आपल्या सुवासाने ओळखला जातो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचे नाव सरकारी दप्तरात इंग्रजीतही कायमचे नोंदले गेले. ते लिहिताना आपल्या एकट्या ‘घ’साठी इंग्रजीची दोन अक्षरे खर्ची पडली, जी आणि एच. त्याच सुमारास मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातील इतर पिकांची नावे पाहा. कोरेगावचा वाघ्या घेवडा, भिवापूरची मिरची, मंगळवेढ्याची ज्वारी. प्रत्येकाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोठे ना कोठे एच दुसऱ्या व्यंजनाच्या पाठीशी उभा आहे. कोठे जी-एच, कोठे बी-एच, कोठे डी-एच.

आता वर्गात नेहमी येणारा प्रश्न घेऊ. घनसाळमध्ये जी-एचचा ‘घ’ होतो, तर ‘नाइट’मध्ये तीच दोन अक्षरे मुकी का? ‘लाफ’मध्ये त्यांचा ‘फ’ कसा होतो? ‘घोस्ट’ असे लिहून इंग्रज माणूस ‘गोस्ट’ का म्हणतो? ‘इंग्रजीत तसेच असते, पाठ करा’ हे उत्तर सोपे आहे, पण त्यामुळे विद्यार्थ्याची अशी समजूत होते की स्पेलिंगला कारण नसते. कारण असते. मात्र ते व्याकरणात शोधून सापडत नाही, इतिहासात शोधावे लागते. खडकांच्या थरांत जसे जुन्या जीवांचे अवशेष राहतात, तसे स्पेलिंगमध्ये जुने उच्चार राहतात. या लेखात आपण एच या एकाच अक्षराचा माग काढणार आहोत. इंग्रजी अक्षरे आम्ही त्यांच्या नावांनीच लिहीत आहोत.

श्वासाचा फरक

प्रथम ध्वनीकडे पाहू. तळहात तोंडापुढे चार बोटांवर धरा आणि ‘क’ व ‘ख’ आळीपाळीने म्हणा. ‘ख’ म्हणताना हवेचा झोत हाताला लागतो, ‘क’ म्हणताना जवळजवळ लागत नाही. हा जादा श्वास म्हणजेच प्राण. म्हणून ‘क’ अल्पप्राण आणि ‘ख’ महाप्राण. आता दोन बोटे गळ्यावर ठेवून ‘क’ आणि ‘ग’ म्हणा. ‘ग’ म्हणताना स्वरतंतूंचे कंपन बोटांना जाणवते. म्हणून ‘ग’ घोष आणि ‘क’ अघोष.

‘घ’मध्ये या दोन्ही गोष्टी एकदम कराव्या लागतात. स्वरतंतू कंप पावत असतात, पण पूर्ण मिटत नाहीत. त्यांच्यामधल्या फटीतून कुजबुजीसारखी हवा निसटत राहते. घ, झ, ढ, ध, भ हे पाचही ध्वनी याच जातीचे. जगातील फार थोड्या भाषांत असे ध्वनी आहेत आणि त्यांचे मोठे माहेरघर म्हणजे आपला भारतीय उपखंड.

आपल्या वर्णमालेत क-वर्गापासून प-वर्गापर्यंत पाच ओळी एकाखाली एक लिहिल्या, तर हे पाच ध्वनी बरोबर चौथ्या उभ्या स्तंभात येतात. आडव्या ओळीत उच्चाराचे स्थान समान, उभ्या स्तंभात उच्चाराची रीत समान. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला येथे आवर्तसारणीतील गणांची आठवण व्हावी. पाणिनीने हा स्तंभ वेगळा काढला होता. त्याच्या शिवसूत्रांत ‘झभञ्’ आणि ‘घढधष्’ ही दोन सूत्रे लागोपाठ येतात आणि या पाचांना मिळून तो ‘झष्’ हे छोटे नाव देतो. त्यांच्या लगेच पुढे ‘जबगडदश्’ म्हणजे तिसरा स्तंभ येतो. ही मांडणी सोयीसाठी आहे. हे ध्वनी नियमांत एकत्र वागतात, म्हणून ते एकत्र ठेवले आहेत.

रोमन लोकांची युक्ती

रोमन लिपीत या ध्वनींना अक्षरे नाहीत, कारण लॅटिन भाषेत असे ध्वनी नव्हते. अडचण मात्र रोमन लोकांनाही आली होती, ती ग्रीक शब्द लिहिताना. ग्रीक भाषेत त्या काळी तीन अघोष महाप्राण होते. ते साधारणपणे आपल्या फ, थ आणि ख सारखे उच्चारले जात. आरंभी रोमन लोक ते नुसत्या पी, टी, सी या अक्षरांनी लिहीत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून ते त्यांच्यापुढे एच लिहू लागले. पी-एच, टी-एच, सी-एच या जोड्या अशा जन्माला आल्या. ‘अल्पप्राण अक्षर अधिक एच म्हणजे महाप्राण’ ही युक्ती त्यांची. पुढे ती शिष्टपणाची खूण झाली आणि लोक नको तेथेही एच घालू लागले. कॅटलस या कवीने अशा एका गृहस्थाची टिंगल केली आहे.

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ही युक्ती पानोपानी भेटते. फिजिक्समध्ये पी-एच, थर्मामीटरमध्ये टी-एच, क्लोरीनमध्ये सी-एच. ‘क्लोरोफिल’मध्ये सी-एच आणि पी-एच दोन्ही, तर ‘फॉस्फरस’मध्ये पी-एच दोनदा. पुढे ग्रीक भाषेतच हे उच्चार बदलले. ‘फ’चा ओठ-दातांचा ‘एफ’ झाला. पण लिखाण जुनेच राहिले, म्हणून ‘फिजिक्स’चे स्पेलिंग एफने सुरू होत नाही.

पी-एच आणि टी-एच एकापाठोपाठ आले, की विद्यार्थी हमखास अडखळतात. घटसर्पाचे इंग्रजी नाव ‘डिफ्थीरिया’ हे त्याचे उदाहरण. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडे. या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो, म्हणून हे नाव. याहून विलक्षण शब्द म्हणजे ‘थायसिस’. याची सुरुवातच पी-एच-टी-एच अशी चार अक्षरांनी होते, त्यांतली पहिली दोन मुकी. हे क्षयरोगाचे जुने वैद्यकीय नाव. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झिजणे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्याचा धातू आणि आपल्या ‘क्षय’मधला ‘क्षि’ हा धातू मुळात एकच. दोन समाजांनी एका रोगाला एकाच मुळाचे नाव दिले. फरक इतकाच, की आपण ते एका जोडाक्षरात लिहितो.

‘नाइट’मधला मुका जी-एच

आता इंग्रजीच्या स्वतःच्या शब्दांकडे येऊ. नाइट, एट, लाइट, राइट, डॉटर या सगळ्यांत जी-एच आहे आणि त्याच्या लगेच पुढे टी आहे. हा योगायोग नव्हे. हे शब्द संस्कृतातील नातेवाइकांशेजारी ठेवून पाहू. नाइट आणि ‘नक्त’ (एक वेळ, तेही रात्री जेवून करायच्या व्रताला आपण नक्त म्हणतो, तोच हा शब्द). एट आणि ‘अष्ट’. राइट आणि ‘ऋजु’. डॉटर आणि ‘दुहिता’. मूळ व्यंजने वेगवेगळी होती, पण इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली आहे, त्या कुळात ‘त’च्या आधी आलेली क, ग, घ ही सगळी घासून एकच झाली. घशातून खरखरत येणारा ‘ह’ असा तो ध्वनी होता. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात लेखनिक हा ध्वनी जी-एचने लिहू लागले. जर्मन माणूस ‘नाख्ट’ म्हणताना तो आजही उच्चारतो आणि स्कॉटलंडच्या बोलीतही तो ऐकू येतो. दक्षिण इंग्लंडच्या बोलीत मात्र तो मावळला. काही शब्दांत, विशेषतः शेवटी, त्याचा ‘फ’ झाला. लाफ, कफ, इनफ ही त्याची उदाहरणे.

‘लाइट’ शब्दाची गंमत विज्ञान शिकवणाऱ्याने जरूर सांगावी. प्रकाश या अर्थाचा ‘लाइट’ आणि हलका या अर्थाचा ‘लाइट’ यांचे स्पेलिंग एकच असले, तरी वंश दोन आहेत. पहिला संस्कृतातील ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे या धातूचा भाऊबंद. दुसरा आपल्या ‘लघु’चा. म्हणजे हलक्या ‘लाइट’मधला मुका जी-एच आणि ‘लघु’मधला ‘घ’ हे खरोखरच एका मुळाचे आहेत. इंग्रजी लेखनिकाला ‘लघु’ ठाऊक नव्हता. त्याने आपल्या खरखरीत ‘ह’साठी दोन अक्षरे वापरली, आणि हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन भावांच्या अंगावर योगायोगाने एकच कापड आले.

‘घोस्ट’ची गोष्ट अगदी निराळी. जुन्या इंग्रजीत त्यात एच नव्हता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमधील पहिला छापखाना वेस्टमिन्स्टरला सुरू केला. त्याआधी त्याची बरीच वर्षे फ्लेमिश मुलखात गेली होती आणि तेथे हा शब्द जी-एचने लिहीत. ती सवय त्याच्या छापखान्यातून इंग्रजीत शिरली. छापील अक्षराचा अधिकार मोठा असल्यामुळे पुढे तीच रीत पक्की झाली. या एचला उच्चाराचा आधार कधीच नव्हता.

घाट म्हणजे काय?

जी-एचचा तिसरा वंश आपला. इंग्रजी शब्दकोशात बी-एच, डी-एच, जे-एच या जोड्या असलेले शब्द शोधले आणि ‘क्लब-हाउस’सारखे जोडशब्द किंवा ‘ॲडहिअर’सारखे उपसर्ग लागलेले शब्द वगळले, तर उरणारे बहुतेक शब्द भारतातून गेलेले दिसतात. भांग, भाजी, धोबी, धोती, धरणे, दुर्री म्हणजे सतरंजी, झील म्हणजे तळे. घोडेस्वारीच्या तंग विजारीला जोधपूरवरून ‘जोधपूर्स’ म्हणतात, त्यात डी-एच आहे. ‘संधी’ हा व्याकरणातला शब्द तर जगभरचे भाषाशास्त्रज्ञ वापरतात. चिनी भाषेत स्वराघात शेजाऱ्याच्या प्रभावाने बदलतो, त्यालाही ते ‘संधी’च म्हणतात. जी-एचच्या घरात ‘घी’, ‘घडियाल’ आणि ‘घाट’ आहेत.

यांतला ‘घाट’ आजरेकरांच्या रोजच्या बोलण्यातला. आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला जाणारा माणूस ‘घाट उतरतो’. मराठीत घाट म्हणजे डोंगरातून चढण्या-उतरण्याची वाट. म्हणून घाटमाथा, घाटवाट असे शब्द झाले आणि कोकणातले लोक वरच्या मुलखाला ‘घाटावर’ म्हणू लागले. डोंगराच्या रांगेचे नाव सह्याद्री.

इंग्रजीत मात्र घाट म्हणजे डोंगरांची रांगच झाली. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्यांनी याचे संभाव्य कारण दिले आहे. ‘घाटावरचा मुलूख’ आणि ‘घाटाखालचा मुलूख’ असे बोलणे परदेशी लोकांच्या कानावर पडले आणि घाट हे पर्वताचेच नाव असावे, असा त्यांचा ग्रह झाला. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज इतिहासकार झुआंव द बारुश याने तर या शब्दाचा अर्थच ‘डोंगररांग’ असा दिला आहे. पोर्तुगीजांनी तो एच न घालता लिहिला. इंग्रजांनी एच घातला, म्हणजे उच्चार मूळ शब्दाजवळ आणला, पण अर्थ चुकलेलाच ठेवला.

पुढे तोच अर्थ नकाशांतून आणि भूगोलाच्या पुस्तकांतून मराठीत परत आला. आता आपणच ‘पश्चिम घाट’ म्हणतो. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत या डोंगररांगेतील ३९ स्थळे दाखल झाली. त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीही आहे. यादीतील नाव अर्थातच पश्चिम घाट. नावाचा हा प्रवास सांगितल्याशिवाय ‘पश्चिम घाट’ शिकवला, तर आंबोली घाट आणि पश्चिम घाट यांतला ‘घाट’ एकच कसा, हे मुलांना कळणार नाही.

चुकलेले एच

शब्द परक्या लिपीत शिरताना एच कोठे बसेल याचा नेम नसे. विल्यम जोन्स याने १७८८ साली आशियाई शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर निबंध लिहिला. १८७० नंतरच्या दशकात विल्यम हंटर यांची पद्धत सरकारने स्वीकारली आणि आपल्या गावांची स्पेलिंगे पुष्कळशी स्थिरावली. त्याआधी रूढ झालेले शब्द मात्र तसेच राहिले. ‘खाट’ने आपला महाप्राण गमावला आणि तिचे ‘कॉट’ झाले. ‘देहली’मधला ह ‘ल’च्या आधी होता, तो स्पेलिंगमध्ये एलच्या पुढे जाऊन बसला. घडियालाचे दुसरे रूप ‘गॅव्हिअल’, त्यात एचही गेला आणि मधल्या ‘र’चा ‘व’ झाला. हेच रूप प्राणिशास्त्राने उचलले. म्हणून गंगेतील या मगरीची प्रजाती ‘गॅव्हिॲलिस’ म्हणून ओळखली जाते.

उलट प्रकारही आहे. ‘डिंगी’ ही छोटी होडी भारतीय भाषांतून इंग्रजीत गेली. मूळ शब्दात महाप्राण नाही, तरी स्पेलिंगमध्ये जी-एच आहे. कारण एच नसता तर इंग्रज वाचकाने ‘डिंजी’ वाचले असते. येथे एचचे काम फक्त ‘ग’ला ‘ग’ ठेवण्याचे. गांधींचे नाव परदेशात वारंवार चुकीचे लिहिले जाते. डी-एच ऐवजी तेथे जी-एच येतो. इंग्रजी डोळ्याला शब्दाच्या आरंभी जी-एच ‘घोस्ट’मुळे परिचित आहे, पण डी-एच घरचा नाही. म्हणून एच ओळखीच्या जागी सरकतो. चूक झाली तरी तिच्यामागे काही नियम असतो, तो असा.

हरवलेला महाप्राण

आता इतिहासातील सर्वांत मोठी मौज. इंग्रजीत आज भ, ध, घ नाहीत, पण तिच्या पूर्वज भाषेत ते होते, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात मांडले. याकोब ग्रिम याने १८२२ साली जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलाचे नियम सांगितले. त्यांतला एक असा, की जेथे संस्कृतात भ, ध असतो, तेथे इंग्रजीत ब, ड येतो. भ्राता आणि ब्रदर, भ्रू आणि ब्राउ, विधवा आणि विडो, मधु आणि मीड म्हणजे मधाचे मद्य. याचा अर्थ असा, की ‘ब्रदर’मधला महाप्राण इंग्रजीने फार पूर्वी सोडला. मग हजारो वर्षांनी तोच ध्वनी ‘भांग’बरोबर तिच्या दारात आला, तेव्हा तो तिला परका वाटला आणि लिहिण्यासाठी एच उसना आणावा लागला.

या नियमाला काही अपवाद मात्र होते. ‘बंध’ आणि ‘बाइंड’ पाहा. ‘बाहु’ आणि ‘बाउ’ म्हणजे झाडाची फांदी पाहा, या बाउच्या शेवटीही मुका जी-एच आहे. येथे दोन्हीकडे ‘ब’च कसा? १८६३ साली हा प्रश्न सोडवणारा माणूस होता हेरमान ग्रासमान, स्टेटिन गावातला शाळामास्तर. गणितात सदिशांच्या बीजगणिताचा पाया घालणारा तोच हा ग्रासमान. विद्यापीठात त्याला जागा मिळाली नाही. शाळेत शिकवता शिकवता त्याने ऋग्वेदाचा कोशही तयार केला. त्याचे म्हणणे असे, की एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण आले, तर संस्कृत आणि ग्रीक भाषा पहिल्याचा प्राण काढून घेतात. म्हणजे मूळ शब्द ‘भंध’सारखा होता. दोन्ही महाप्राण टिकले नाहीत, पहिल्याचा ‘ब’ झाला. संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा नियम न सांगता ठाऊक असतो. ‘धा’चे द्वित्व ‘दधाति’ होते, ‘धधाति’ नाही. ‘भू’चे ‘बभूव’ होते, ‘भभूव’ नाही. द्वित्वापुरता हा नियम पाणिनीने सांगितलेलाच आहे.

महाप्राण सोडण्यात आपणही मागे नाही. हिंदीत भूख, हाथ, सीखना, समझना, सांझ. मराठीत भूक, हात, शिकणे, समजणे, सांज. मराठीने शब्दाच्या मधला आणि शेवटचा प्राण पुष्कळ ठिकाणी काढून टाकला. म्हणून मराठी ही काही बिघडलेली हिंदी ठरत नाही. त्याच न्यायाने इंग्रज ‘गांडी’ म्हणाला तर तो अडाणी ठरत नाही, आणि इंग्रजी टी-एचच्या जागी आपला ‘थ’ उच्चारणारा आजऱ्याचा विद्यार्थीही अडाणी ठरत नाही. प्रत्येक भाषा आपल्या सवयीचे ध्वनी ऐकते आणि उरलेल्यांना जवळच्या खणात टाकते.

वर्गासाठी

शिक्षकांनी दोन तासिका या कामासाठी काढाव्यात. पहिल्या तासिकेत तळहाताचा आणि गळ्याचा प्रयोग सर्व व्यंजनांवर करून घ्यावा. मुलांनी वर्णमालेचा तक्ता न पाहता, फक्त आपल्या निरीक्षणांवरून, व्यंजनांचे चार गट पाडावेत आणि मग ते तक्त्याशी ताडून पाहावेत. आपण जो तक्ता बालपणी घोकला, तो निरीक्षणातून उभा राहिला आहे, हे त्यांना स्वतः कळेल. दुसऱ्या तासिकेत इंग्रजी शब्दकोश घेऊन जी-एच, बी-एच, डी-एच असलेले शब्द गोळा करावेत आणि प्रत्येकापुढे लिहावे, हा एच ग्रीकांचा, लेखनिकाचा, छापखान्याचा की आपला.

अशा यादीत एखाद्या विद्यार्थ्याने घनसाळ लिहिला, तर तो खोडू नये. तो अजून इंग्रजी शब्दकोशात गेलेला नसेल. ‘घाट’ही एके काळी नव्हता. तो गेला तेव्हा त्याचा अर्थ परक्यांनी ठरवला. घनसाळ म्हणजे काय, तो कोठे पिकतो आणि त्याचे नाव कसे उच्चारायचे, हे या वेळी सांगणारे लोक आजऱ्यातच आहेत आणि त्यांची मुले आपल्या वर्गात बसलेली आहेत.